ऑगस्टमधला शेवटचा हात

रोह्यात इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास कुठे मिळतो, असं कोणी विचारलं तर मी आमच्या कॉलेजचा पत्ता देणार नाही. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून अष्टमीत जा, असं सांगेन. पूल संपला की डाव्या हाताला चपलांचं दुकान आहे आणि त्याला लागून रघू घरतचं झेरॉक्सचं दुकान. तिथे हा इतिहास पाठपोट छापून, स्पायरल लावून तयार मिळतो. आमच्या इंग्रजी विभागात गेल्या पस्तीस वर्षांत जे जे शिकवलं गेलं ते सगळं त्या दुकानात आहे. विभागात त्यातलं काही सापडेलच, अशी खात्री मी देऊ शकत नाही, आणि मी त्याच कॉलेजच्या कार्यालयाचा अधीक्षक आहे.

येत्या मे महिन्यात मी निवृत्त होईन. मी बी.कॉम. साहित्य हा माझा विषय नाही, त्यामुळे साहित्य शिकवणाऱ्यांबद्दल मला बरीच वर्षं आदर होता. जे आपल्याला समजत नाही ते खोल असणार, असं वाटायचं. तो आदर रघूच्या दुकानात गेला.

रघू बारावी नापास. तोही इंग्रजीत, आणि तीनदा. तिसऱ्यांदा चार गुण कमी पडले. त्याचं गाव जित्याच्या पलीकडे खाडीकाठी. बाप, जनू घरत, मिठागरावर कामाला होता. मुलानं टेबलखुर्चीवर बसून काम करावं एवढीच त्याची इच्छा. रघू आधी धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला, शिफ्ट केल्या, आणि कंत्राट बदललं तेव्हा बाहेर पडला. मग २००० साली एक जुनं मशीन घेऊन अष्टमीत बसला. टेबल आणि खुर्ची दोन्ही मिळाली. खुर्चीवर बसायला वेळ मात्र कधी मिळाला नाही.

झेरॉक्सवाल्याला मजकूर वाचायचा नसतो. त्याला दोनच गोष्टी पाहायच्या असतात. पानाची पहिली ओळ आली का आणि शेवटची ओळ कापली तर गेली नाही ना. इंग्रजीत तीनदा नापास झालेला हा माणूस पंचवीस वर्षं इंग्रजी वाङ्मयाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळी वाचत आला. मधलं हळूहळू आपोआप आलं. आमच्याकडच्या काही प्राध्यापकांचं उलट झालं आहे. मधलं सगळं त्यांना येतं, पण ते कुठून सुरू झालं आणि कुठे गेलं ते सांगता येत नाही.

त्याची एक सवय. जो कागद पहिल्यांदा दुकानात येईल त्याची एक प्रत काढून तो तारीख घालून ठेवतो. वर पत्र्याखाली फळीवर गठ्ठे आहेत. मी एकदा विचारलं, "हे कशाला साठवतोस? रद्दीत घाल."

"नाय, भाऊसाहेब. मूळ प्रत कुठली ते म्हाईत पायजे. माझा बाप सांगायचा, मीठ काळं आलं तर मिठाकडं बघत बसू नकोस, पानी कुठनं आत घेतलं ते बघ."

मला ते तेव्हा मिठाबद्दलच वाटलं.

त्या गठ्ठ्यांमुळे रघूला आमच्या विभागाबद्दल जे माहीत आहे ते विभागालाही माहीत नाही. उदाहरणार्थ, चौथा मुद्दा. नोट्समध्ये एका युगाची चार वैशिष्ट्यं दिली आहेत. २००४ साली काचेवर पान जरा खाली लागलं आणि चौथं वैशिष्ट्य कापलं गेलं. फक्त '४' हा आकडा राहिला. तेव्हापासून आमचे विद्यार्थी तीन वैशिष्ट्यं लिहितात, खाली '४' लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. त्यांना चार मुद्द्यांचे गुण मिळतात. अकरा वर्षांनी रघूच्याच लक्षात आलं. त्यानं जुनी प्रत काढून विभागात नेऊन दिली. विभागानं ती घेतली, धन्यवाद दिले आणि हरवली.

किंवा ते राष्ट्रीय चर्चासत्र. विषय होता समीक्षेची नवी क्षितिजं. कुठून कुठून प्राध्यापक आले, जेवले, प्रमाणपत्रं घेतली आणि दुपारच्या गाडीनं गेले. नऊ निबंधांच्या प्रती रघूनं काढल्या होत्या. संध्याकाळी तो मला म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यातले पाच निबंध सख्खे भाऊ हायत. पाचांच्याबी दुसऱ्या पानावर 'हेज मनी' लिवलंय. काय असतं ते?"

कॉमर्सचा माणूस म्हणून मी ते गुंतवणुकीशी जोडायचा प्रयत्न केला. दोन दिवसांनी कळलं की तो शब्द 'हेजेमनी' असा आहे, त्याचा अर्थ वर्चस्व, आणि पाच विद्वानांनी तो एकाच ठिकाणाहून, एकाच चुकीसकट उचलला होता. चर्चासत्रात त्यावर चर्चाही झाली होती. कोणाला काही खटकलं नव्हतं.

आता मनस्वीकडे येतो, कारण हा सगळा मजकूर तिच्यामुळे लिहितो आहे.

मनस्वी ही रघूची मुलगी. गेल्या वर्षी आमच्याकडे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, इंग्रजी घेऊन. बाप जिथे पडला तिथेच मुलगी उभी राहते आहे, याचा रघूला अभिमान होता, पण तो तसं कधी बोलला नाही. तिला मुंबईला एम.ए.ला जायचं होतं. आमच्या भागात मुलीचं एक वर्ष गेलं की पुढचं सगळंच जातं. वर्षभर घरी बसलेली मुलगी परत कॉलेजात गेली, असं मी बत्तीस वर्षांत दोनदाच पाहिलं आहे. शेवटच्या सत्राचे अंतर्गत चाचणीचे गुण शनिवारपर्यंत विद्यापीठाकडे पाठवायचे होते. त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी रघू माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. तो कॉलेजात सहसा येत नाही.

"दाखला हवा असेल तर खिडकी क्रमांक दोन," मी म्हणालो.

"खिडकीत मावनारं काम नाय. मनीला पंचवीसात सात दिलेत."

"मग?"

"मग नापास हाय. धा लागतात."

"मला आकडे कळतात, रघू."

"म्हनून तर तुमच्याकडं आलो."

त्यानं उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. चाचणीच्या उत्तरपत्रिका आम्ही मुलांना परत देतो. शेवटचा प्रश्न दहा गुणांचा होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी वाङ्मयाला ऑगस्टन युग का म्हणतात? मनस्वीनं दोन पानं लिहिली होती. त्यांच्यावर लाल शाईची तिरपी रेघ, गुण शून्य, आणि खाली शेरा. नोट्स पाहा.

"नोट्स मीच विकतो, भाऊसाहेब," रघू म्हणाला. "आता त्या कुठं पाहायच्या?"

"तिनं काय लिहिलंय?"

"रोममधी ऑगस्टस नावाचा बादशहा होता. त्याच्या राज्यात लिवनारे लय मोठे झाले. पुढं इंग्लंडातल्या लोकांना वाटलं, आपला काळबी तसाच हाय. म्हनून ते नाव. आनि खाली लिवलंय, ऑगस्ट महिन्याचा ह्याच्याशी संबंध नाय."

"हे तिला कुठे मिळालं?"

"तुमच्या लायब्ररीत. तिसऱ्या कपाटात."

मी नंतर ते पुस्तक मागवून पाहिलं. आतल्या कार्डावर तिच्या आधीची तारीख १९९६ ची होती.

"आणि नोट्समध्ये काय आहे?"

रघूनं डोळे मिटले नाहीत की वर पाहिलं नाही. रोजचा पत्ता सांगावा तसं म्हणाला, "द पोएट्स ऑफ धिस एज गेव्ह द लास्ट हँड टू देअर वर्क इन द मंथ ऑफ ऑगस्ट. हेन्स इट इज कॉल्ड ऑगस्टन."

म्हणजे, या युगातले कवी ऑगस्ट महिन्यात आपल्या कामावर शेवटचा हात फिरवत, म्हणून हे ऑगस्टन युग.

मी पेणचा आहे. रोज सकाळच्या एस.टी.नं रोह्याला येतो. 'लास्ट हँड' हे इंग्रजी नाही, हे आमच्या पेणचं आहे, एवढं मला बी.कॉम.च्या जोरावरही कळलं. गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर मूर्ती तयार होत असतात, पण चतुर्थीच्या आधी, ऑगस्टमध्ये, रंगाची, डोळ्यांची, दागिन्यांची शेवटची कामं होतात. त्याला आम्ही शेवटचा हात फिरवणं म्हणतो. हा हात इंग्लंडात कसा पोचला, हा प्रश्न होता.

विभागप्रमुख हेमांगी कर्णिक मॅडम स्टाफरूममध्ये एकट्या बसल्या होत्या. हुशार बाई. आमच्याच कॉलेजच्या १९९१ च्या तुकडीतल्या, पहिल्या आलेल्या. हस्ताक्षर मोत्यासारखं. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

"मॅडम, त्या घरत मुलीच्या पेपरबद्दल जरा..."

"भाऊसाहेब, तुमचा विषय कॉमर्स ना?"

"हो."

"मग."

मी उभाच राहिलो. मग त्यांनी थोडं स्पष्टीकरण दिलं. "मुलं बाहेरचं वाचतात आणि गोंधळ करतात. आपण पस्तीस वर्षं एक शिस्त ठेवली आहे."

"बाहेरचं म्हणजे आपल्या लायब्ररीतलं आहे, मॅडम."

"तेच म्हणते मी."

"पण उत्तर बरोबर असेल तर?"

"टिपणीस सरांच्या नोट्स आहेत त्या. सर चूक आणि ती मुलगी बरोबर, असं म्हणायचंय का तुम्हाला? बाप झेरॉक्स काढतो म्हणून मुलगी मूळ प्रत होत नाही."

हे वाक्य त्यांना फार आवडलं असावं. त्या हसल्या.

नोट्सच्या मुखपृष्ठावर नाव आहे ते प्रा. गोपाळकृष्ण टिपणीस यांचं. नावातच टिपणं असलेला माणूस नोट्ससाठी प्रसिद्ध व्हावा, हा योगायोग त्यांच्या प्रत्येक सत्कारात कोणी ना कोणी सांगितला आहे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. पेणला रामवाडीत राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तरुणपणी ते फार चांगलं शिकवायचे, असं म्हणतात. मी आलो तोवर नोट्स तयार झाल्या होत्या, त्यामुळे शिकवताना मी त्यांना पाहिलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी रघूला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पत्नी लतिकाबाईंनी पोह्याचे पापड भाजून आणले. सर आरामखुर्चीत होते. रघूनं सरळ विचारलं, "सर, ऑगस्टन का म्हनतात हो?"

सर उठले, कपाटातून आपल्याच नोट्स काढल्या, पान उघडलं आणि वाचलं. "लास्ट हँड. ऑगस्ट. बरोबर आहे."

"पन रोमचा बादशहा?"

"तोही असेल."

"सर, दोन्ही कसं असेल?" मी विचारलं.

सरांनी मुखपृष्ठ माझ्याकडे केलं. "हे नाव कोणाचं आहे? माझं. माझ्या नावाखाली छापलेलं मीच चूक म्हणायचं? मग इतकी वर्षं मी काय केलं?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारायला नको होता. मी पापड खाल्ला.

लतिकाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही मला त्या वर्षी गणपतीच्या कारखान्यात घेऊन गेला होतात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिथे उभ्या उभ्या मला लेक्चर दिलंत. म्हणालात, उद्या वर्गात हे उदाहरण देणार. रोमच्या बादशहाच्या काळात असंच सगळं घासूनपुसून चकचकीत करायचे, आपल्याकडे ऑगस्टमध्ये शेवटचा हात फिरवतात तसं. आणि वर म्हणालात, ऑगस्टचा आणि त्याचा संबंध नाही हं, फक्त नाव ऐकून पोरांच्या लक्षात राहील."

"मी असं म्हणालो?"

"मला मूर्ती बघायच्या होत्या. म्हणून लक्षात आहे."

सरांनी नोट्समधल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पण छापलंय तर हे."

रामवाडीच्या नाक्यावर हायवेची वाहतूक थांबायची वाट पाहत आम्ही उभे होतो. रघू म्हणाला, "मानसानं येकदा बरोबर सांगितलं होतं. मग त्याचं त्यालाच ते परत वाचायला लावलं लोकांनी." मी त्याला परतीच्या गाडीत बसवून दिलं.

बुधवारी रघूनं दुकान सकाळभर बंद ठेवलं. पत्र्याखालचे गठ्ठे काढले. दुपारी तीन वाजता तो तीन कागद घेऊन आला, माझ्यासोबत विभागात गेला आणि मॅडमच्या टेबलावर ते एकाखाली एक ठेवले. बोलण्यात त्यानं एकदाही आवाज चढवला नाही.

पहिला कागद २००० सालचा. कोणा विद्यार्थिनीच्या १९९१ च्या वहीतल्या पानाची प्रत. त्यात मजकुरात रोमचा बादशहा होता, सविस्तर. बाजूला समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं. उदाहरण, पेण, गणपती, लास्ट हँड, ऑगस्ट. दुसरा कागद २००३ चा. तीच नोंद पुन्हा स्वच्छ लिहून काढलेली. समासातलं उदाहरण आता मजकुरात आलं होतं, बादशहाच्या शेजारी. तिसरा २००९ चा, संगणकावर टाइप केलेला. पानात जागा कमी पडत होती म्हणून बादशहा गेला होता. उदाहरण राहिलं होतं आणि त्याच्यामागे 'हेन्स' हा शब्द लागला होता. म्हणून.

पहिल्या दोन कागदांवरचं हस्ताक्षर मोत्यासारखं होतं.

मॅडम तिन्ही कागद पाहत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो, पण बाहेरही जात नव्हतो.

"तसं पाहिलं तर," त्या अखेर म्हणाल्या, "महिन्याचं नावही त्याच बादशहावरून पडलं आहे. म्हणजे नोट्स मुळात चुकीच्या नाहीत. हा अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे."

"आमच्या गावात येक होडी हाय, मॅडम," रघू म्हणाला. "तिला देवाचं नाव दिलंय. पन देव मासे पकडत नाय."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीस वर्षांत त्यांना वर्गात असं उत्तर कोणी दिलं नसावं, कारण वर्गात बोलायची पद्धत नाही.

मग रघूनं ज्यासाठी तो आला होता ते विचारलं. पुढच्या महिन्यात कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती. विभागानं तयार केलेलं अध्ययन साहित्य फायलीत लावून समितीपुढे ठेवायचं होतं, आणि ती फाइल बांधायचं काम नेहमीप्रमाणे रघूकडे होतं.

"यातली कुठली प्रत लावू?" त्यानं विचारलं. "पयली का तिसरी? का तिनीबी लावू, वर्षांच्या क्रमानं?"

यात धमकी नव्हती. निदान मी तरी शपथेवर तसं सांगू शकत नाही. त्यानं काम कसं करायचं एवढंच विचारलं.

मॅडमनी उत्तरपत्रिका मागितली. चष्मा लावला. पानं उलटली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊसाहेब, या पेपरच्या बेरजेत गडबड झालेली दिसते. शेवटच्या प्रश्नाचे गुण धरलेलेच नाहीत. तुमच्याकडून गुणपत्रक तयार होताना सुटलं असणार. आठ धरा."

"मॅडम, तिथे शून्य आहे. तुमच्या शाईत."

"ते शून्य नाही. रेघेचं टोक आहे."

ते शून्य होतं. मी बत्तीस वर्षं शून्यं पाहतो आहे.

"बेरजेची चूक कार्यालयाची असते," मी म्हणालो. "तशी दुरुस्ती करायची तर चूक झाली, असं मला लेखी द्यावं लागेल."

"मग द्या."

बाहेर व्हरांड्यात रघू मला म्हणाला, "नका देऊ, भाऊसाहेब. तुमची बेरीज कधी चुकली नाय, हे सगळ्या रोह्याला म्हाईत हाय. चूक तुमची नाय, मनीचीबी नाय."

"मग कोणाची म्हणून लिहू?"

त्यानं विभागाच्या दाराकडे पाहिलं.

"शनिवारला तीन दिवस आहेत," मी म्हणालो. "खरी चूक कबूल व्हायला अजून पस्तीस वर्षं लागतील. तुझ्या मुलीला मुंबईला जायचंय ना?"

"व्हय."

"मग घरी जा."

मी लिहून दिलं की कार्यालयाच्या नजरचुकीनं क्रमांक अमुकच्या विद्यार्थिनीचे आठ गुण बेरजेत घ्यायचे राहून गेले. माझ्या हातून झालेली ही बेरजेची एकमेव चूक, आणि तीही झालेली नाही. पंचवीसपैकी पंधरा. मनस्वी पास झाली. निकाल लागल्यावर ती माझ्याकडे पेढे घेऊन आली नाही, याचं मला बरं वाटलं. ती नुसतीच आली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, ते पुस्तक मी परत दिलंय. पान एकशे बारा फाटलं होतं, चिकटवलंय." आता ती मुंबईत एम.ए. करते आहे.

समिती आली. तिसरी प्रतच फायलीत लागली, कारण ती टाइप केलेली होती आणि छान दिसत होती. समितीतल्या एका सदस्यानं ऑगस्ट आणि शेवटच्या हाताचं ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. अहवालात इंग्रजी विभागाचं खास कौतुक आलं की स्थानिक कारागिरीची उदाहरणं देऊन परदेशी वाङ्मय समजावण्याचा स्तुत्य प्रयत्न. मॅडमनी तो परिच्छेद चौकटीत लावून विभागात टांगला आहे. जाऊन बघू शकता.

इथे मला वाटलं होतं की प्रकरण संपलं.

जूनमध्ये नवीन वर्ष सुरू झालं. नवीन मुलं नोट्स घ्यायला अष्टमीत जाऊ लागली. मुलं आता मोबाइलवरही मागतात, तीही फाइल रघूच त्याच काचेवरून काढून देतो. डिसेंबरमध्ये परीक्षेचे तपासलेले पेपर माझ्या कार्यालयात आले. कोणाच्या पानांची संख्या चुकली आहे का, एवढंच मी पाहतो. पण त्या एका प्रश्नाशी माझी नजर अडकली. साठ मुलांपैकी बहुतेकांनी तो प्रश्न सोडवला होता, आणि सगळ्यांचं उत्तर सारखंच संपत होतं. धिस एज इज कॉल्ड ऑगस्टन बिकॉज. पुढे काही नाही. पूर्णविरामही नाही. त्याखाली लाल शाईत दहापैकी सात, आठ, साडेसात.

मी संध्याकाळी एस.टी. सोडली आणि पूल ओलांडून अष्टमीत गेलो.

"रघू, ते पान दाखव."

त्यानं दाखवलं. वाक्य 'बिकॉज'पाशी संपत होतं. खालची ओळ कापली गेली होती, अगदी सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. हे वाक्यच नोट्समध्ये आधी नव्हतं. दुसऱ्या पानांवरचे शब्द कापून ते जुन्या उत्तरावर नीट चिकटवलं होतं आणि मग प्रत काढली होती.

"काच जुनी झालीय, भाऊसाहेब. खालची येक ओळ घेत नाय."

"मुलांना निदान खरं कारण तरी छापून द्यायचंस."

"छापून दिलं तर तेबी पाठ करतील. मग त्याच्यावर आनखी कोन हात फिरवील." त्यानं मशीनचं झाकण पुसलं. "मला वाटलं, कोनतरी विचारील."

"विचारलं?"

"येकीनं."

साठांत एक. मॅडमनी विचारलं नाही. ज्यांनी पेपर तपासले त्यांनीही नाही. भूमिका नावाची एक मुलगी सप्टेंबरात नोट्स परत घेऊन दुकानात आली होती. पान पुढे करून म्हणाली, "काका, इथं पुढं काय आहे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, पुढचं हितं नाय गो. पुढचं तुमच्या लायब्ररीत हाय, तिसऱ्या कपाटात. पान येकशे बारा."

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन त्या पुस्तकाचं कार्ड पाहिलं. मनस्वीच्या तारखेखाली एक नवी तारीख होती, पण भूमिका दुकानात आल्याचा जो दिवस रघूनं सांगितला होता त्याच्या दोन दिवसांनंतरची होती. मी शिपायाला उशिराचं कारण विचारलं. तो म्हणाला, तिसऱ्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती.